पहिला पेला

१४ मार्च २०११, सोमवार

अजून हलतंय. सकाळपासून तीनदा. आता चहा हिंदकळला तरी आम्ही एकमेकांकडे बघत नाही, कप तेवढा उचलून धरतो.

लिफ्ट बंद. सात मजले चढून आलो नि दारातच बसलो— बत्तिसाव्या वर्षी ही दशा. निहारचं दूध आता पूर्ण पावडरवर. अक्षयाचं शुक्रवारपासून आटत चाललंय, धसक्यानं होतं म्हणे असं. निहार पाच महिन्यांचा. हादरा बसला की खुदकन हसतो. त्याला वाटतं कुणीतरी झोका दिला.

ऑफिसातली निम्मी भारतीय मंडळी गायब. आम्हीही गेलो असतो, पण निहारचा पासपोर्ट वकिलातीत अडकलाय. तो मिळेपर्यंत टोकियोतच, ह्या ओजिमात.

गावाहून बाबांचा फोन. पहिला प्रश्न— 'पाणी आहे ना?' भूकंप नाही, अणुभट्टी नाही, पाणी. म्हटलं, नळाला चोवीस तास आहे. 'मग भ्यायचं कारण नाही, शशांक.' आमच्या घराण्याचं सगळं पाण्यापाशीच सुरू होतं नि तिथंच संपतं.

१९ मार्च, शनिवार

शेजारच्या होसोया-सानला डब्यात शिरा नेऊन दिला. अक्षयाचा आग्रह, आणि बरोबरच होता. ११ तारखेला मी ऑफिसात अडकलेलो. इमारत डोलत असताना ह्या बाईनं स्वतःचं चार महिन्यांचं पोर पोटाशी बांधलं आणि आधी आमचं दार ठोठावलं. अक्षयाला नि निहारला घेऊनच खाली उतरली. अक्षयाला जपानी धड येत नाही, तिला इंग्रजी येत नाही. दोघी चार तास खालच्या बागेत एकाच ब्लँकेटमध्ये बसून होत्या.

तिचा नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत. उत्तरेला पाठवलाय, कधी परतेल ठाऊक नाही. पोराचं नाव ताकुमी. तोही पावडरवरच. डबा घेताना ती चारदा वाकली. वेलचीचा वास तिला आवडेल का कोण जाणे.

२३ मार्च, बुधवार

लिहून टाकतो. नाही लिहिलं तर उद्या मी काहीतरी सोयीचं आठवेन.

दुपारी ऑफिसच्या टीव्हीवर बातमी— टोकियोच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन. मोठ्यांना चालेल, एक वर्षाखालच्या बाळांना देऊ नका. ऑफिस शांत. ह्या लोकांची शांतता मला कधी कधी सहन होत नाही. मी जॅकेट उचललं नि निघालो. स्टेशनजवळची तिन्ही कोन्बिनी, चोवीस तास उघडी असणारी दुकानं, बघितली. चहा होता, बिअर होती, पाण्याचे कप्पे रिकामे.

मग मिर्झाभाई. मूळ लखनौचे, साठी उलटलेली, इथल्या सगळ्या भारतीय घरांची डाळ आणि हळद त्यांच्याच दुकानातून येते. मला आत बोलावलं. 'आपके यहाँ छोटा बच्चा है ना.' दोन खोके बाजूला काढून ठेवले होते, सहा-सहा बाटल्यांचे, दोन लिटरवाल्या. म्हणाले, 'एक आपका. दूसरा आपकी बिल्डिंग में जिसको ज़रूरत हो.' मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

घरी आलो. खोके पलंगाखाली सरकवले. एक बाटली काढून दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवली, हाताशी असावी म्हणून. अक्षया आतल्या खोलीत निहारला थोपटत होती. निहारला दिवसाला लिटरभर लागतं. चोवीस लिटर म्हणजे चोवीस दिवस. एकच खोका म्हटलं तर बारा. आणि पुढे कुणी काय सांगावं.

साडेसहाला बेल. होसोया-सान. ताकुमी छातीशी. केस विस्कटलेले, तिला असं कधी पाहिलं नव्हतं. पाच दुकानं फिरून आली होती. एक बाटली जास्तीची असेल तर— वाक्य तिनं पुरं केलं नाही, इथं करत नाहीत.

मी म्हणालो, 'सुमिमासेन, माफ करा. आमच्याकडेही नाही.'

एरवी पोस्टात जपानीत पत्ता सांगायचा तर मला मनात दोनदा घोकावं लागतं. हे कसं झटकन आलं.

ती वाकली. अशा वेळी त्रास दिला, माफ करा, म्हणाली. पुन्हा वाकली. दार लावून वळलो, तर बाटली कपाटावर. तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. तिनं पाहिली होती. न पाहणं शक्यच नव्हतं. पाहून, वर माफी मागून गेली.

अक्षयानं आतून विचारलं, कोण होतं? म्हटलं, पेपरवाला.

२४ मार्च, गुरुवार

सकाळी वॉर्ड ऑफिसबाहेर रांग. प्रत्येक बाळामागे पाण्याच्या तीन छोट्या बाटल्या. मीही उभा राहिलो— पलंगाखाली दोन खोके ठेवून! का, तर मी दिसलो नाही तर होसोया-सानला कळेल की ह्यांच्याकडे पाणी आहे. जसं काही कळलंच नव्हतं. ती माझ्यापुढे सहा माणसं सोडून होती. मागे वळून वाकली. मी घड्याळात बघितलं.

काल आम्ही जेवत असताना भिंतीपलीकडे ताकुमी रडत होता. बराच वेळ. मग थांबला. त्याला काय पाजलं, कशात कालवून पाजलं, हे मला विचारायला तोंड नाही.

संध्याकाळची बातमी: प्रमाण उतरलं, बाळांनाही चालेल. म्हणजे एका दिवसाचा मामला होता.

२५ मार्च, शुक्रवार

कराडहून तासभर आत आमचं गाव. तिथला मोहरम सगळ्यांचा. मुसलमानांची घरं अकरा, पण ताबुताला खांदा द्यायला अख्खं गाव. दहाव्या दिवशी ताबूत उठण्याआधी विहिरीवरून सरबताची घागर येते. गुळाचं सरबत, बडीशेप घातलेलं. हुसेनला आणि त्याच्या लेकराबाळांना करबलात तीन दिवस पाणी मिळू दिलं नाही, म्हणून त्या दिवशी गाव कुणाला तहानलेलं ठेवत नाही. ती घागर आमच्या घराची. पणजोबांपासूनचा मान. अडतीस वर्षं बाबा उचलतायत.

उचलण्याआधी पीराचा मुजावर उचलणाऱ्याच्या कानाशी येतो आणि एक प्रश्न विचारतो. उत्तरही कानातच. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांना विचारलं होतं, काय विचारतात हो? 'वर्षभरात पाण्याला कुणाला नाही म्हणालास का, असं विचारतात.' मग काय सांगायचं? आजोबा हसले नाहीत की रागावले नाहीत. 'आपल्या घरातून पाण्याला नाही निघतं होय रे?'

एवढंच म्हणाले. मी ते शाळेत सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

२७ मार्च, रविवार

पासपोर्ट आला. अक्षया आणि निहार आज गेले, पुण्याला तिच्या माहेरी. विमानतळावर अक्षया म्हणाली, 'होसोया-सानकडे लक्ष ठेव. एकटी आहे ती.' हो म्हटलं. हल्ली मी सगळ्याला हो म्हणतो.

निहारच्या पावडरीसाठी एक बाटली फोडली होती, ती संपली. पाच उरल्या. दुसऱ्या खोक्याची तर पट्टीही काढलेली नाही.

१६ एप्रिल, शनिवार

होसोया-सान घर सोडून चालली. त्सुकुबाला, आईवडिलांकडे. जाताना इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येक शेजाऱ्याच्या दाराशी गेली. मला एक पांढरा टॉवेल दिला, कागदात घडी करून. वर नव्या पत्त्याचं कार्ड. 'तुमची फार मदत झाली,' म्हणाली. असं म्हणायचंच असतं, सगळ्यांना म्हणतात, मला ठाऊक आहे. तरी तिथं उभं राहवेना.

त्या क्षणी सांगता आलं असतं. दोन वाक्यं. ताकुमी माझ्या चष्म्याकडे हात करत होता. मी म्हणालो, 'सांभाळून जा.'

१७ एप्रिल, रविवार

टॉवेल कपाटात. कार्ड टॉवेलात.

२२ मे, रविवार

खोके पलंगाखाली. पीत नाही, टाकत नाही. मी नळाचं पितो. आज कचऱ्याच्या कुंड्यांपाशी नोटीस होती, बाटल्या रिकाम्या करून, झाकण वेगळं, लेबल वेगळं. भरलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नाही.

अक्षयाला विचारलं, कधी येताय? म्हणाली, बघू. मग म्हणाली, 'होसोया-सान कशी आहे?' सांगितलं, गेली माहेरी. 'निहार उठला,' म्हणाली नि फोन ठेवला.

३ जुलै, रविवार

वीज वाचवा, म्हणून ऑफिसात एसी अठ्ठावीसवर. रस्त्यातले दिवे निम्मे. सगळं शहर आजारी माणसाच्या घरासारखं हळू बोलतं. मी त्यात शोभून दिसतो.

१३ ऑगस्ट, शनिवार

बाबांची किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा कराडला डायलिसिस. आई एकटी कुठं पुरी पडणार, म्हणून अक्षया निहारला घेऊन गावी राहायला गेली. मी न सांगता गेली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

डॉक्टरांनी बाबांना दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलंय. चहा, आमटी, औषध, सगळं धरून.

१८ सप्टेंबर, रविवार

बाबा फोनवर. आवाज खरखरीत. 'तुझी बायको मला पाणी देत नाही.' मला वाटलं चेष्टा करतायत. मग म्हणाले, 'शशांक, तू सांग तिला. अर्धा पेला.' माझ्या बापानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी म्हणालो, 'बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना. नाही द्यायचं.'

फोन अक्षयानं घेतला. म्हणाली, 'दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडून पाण्याला नाही निघतं. ओला बोळा ओठांवर फिरवते. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.'

ह्या घराला काय झालंय, कळत नाही. आणि सुरुवात माझ्यापासून झाली असं वाटत राहतं, ज्याला काही अर्थ नाही हेही कळतं.

२६ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. पणती लावली नाही, फायर अलार्म वाजतो. मिर्झाभाईंनी मिठाईचा डबा पाठवला.

बाबा म्हणाले, 'यंदा मोहरम डिसेंबरात. सहा तारखेला ताबूत. मला घागर उचलवणार नाही. तू ये.'

म्हटलं, रजेचं बघतो.

'बघायचं काय त्यात? घरातलं कुणी नाही उचललं तर मान दुसऱ्या घराला जातो. गेला की परत येत नाही.'

५ नोव्हेंबर, शनिवार

काय सांगू दस्तगीर चाचांना? हल्ली तेच मुजावर आहेत. त्यांनी मला सायकल शिकवली. त्यांचं तोंड माझ्या कानाशी येणार, अत्तराचा वास येणार, आणि ते विचारणार. 'नाही' म्हटलं तर खोटं. पीरासमोर, पंजासमोर खोटं. 'हो' म्हटलं तर घागर तिथंच राहणार, सगळं गाव बघणार. बाबा खुर्चीत बसून बघणार. ते ज्या एका गोष्टीवर ताठ उभे राहिले ती मी एका संध्याकाळी संपवली, हे त्यांना शेवटी शेवटी कळणार.

मी देवभोळा नाही. गणपतीलाही हात जोडून मोकळा होतो. पण त्या प्रश्नाला भितो.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभर हुसेनबद्दल वाचत बसलो. लहानपणी जे ऐकलं त्यात आणि ह्यात फार फरक नाही, फक्त आजोबा करबलाच्या नदीला फुरात म्हणायचे आणि तिच्या काठी आपल्यासारखाच ऊस असेल असं मला वाटायचं.

पैगंबरांचा नातू. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा गृहस्थ, घरात बायका-मुलं. राज्य यजीदकडे गेलं आणि यजीदला ह्याची मान्यता हवी होती. ह्यानं दिली नाही. नुसता हात हातात द्यायचा होता, दिला असता तर मदीनेत म्हातारा होऊन मेला असता. कुफा शहरातून पत्रांवर पत्रं आली, या, आम्ही तुमच्या मागे आहोत. तो बायकामुलांसह निघाला. वाटेत करबलाच्या मैदानात त्याला अडवलं. समोर हजारोंचं सैन्य, ह्याच्याबरोबर बहात्तर. नदी दिसत होती, पण पाणी बंद. भाऊ अब्बास चामड्याची मशक घेऊन पाण्याला गेला, हात गेले, परतला नाही. सहा महिन्यांचं बाळ उचलून हुसेननं समोरच्यांना दाखवलं, ह्याला तरी पाजा. बाळाला बाण लागला. दहाव्या दिवशी तोही पडला.

सहा महिन्यांचं बाळ. तिथून पुढे मला वाचवेना.

आणि कुफेचे लोक, ज्यांनी पत्रं लिहिली होती? त्यांना दम भरला गेला, ते घाबरले, दारं लावून घरात बसले. गोष्टीत त्यांची नावं नाहीत. त्यांनाही लहान मुलं असतील, त्यांनीही दिवस मोजले असतील. मला त्यांची फार ओळख पटली.

तेराशे वर्षांनी, तिथून इतक्या दूर, कराडजवळच्या एका खेड्यात त्या तहानेसाठी गूळ किसतात. हे मला आजवर नुसतं गोड वाटायचं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

तिकीट काढलं. तीन डिसेंबर.

२८ नोव्हेंबर, सोमवार

मोहरम लागला. ऑफिसातून येताना मिर्झाभाईंकडे गेलो. काळा सदरा. ह्या दिवसांत दुकानात गाणी लावत नाहीत. मी डाळ घेतली, निघालो, तर म्हणाले, 'वो दूसरा कार्टन किसके काम आया था?' आठ महिन्यांनी. सहज विचारलं, काही मनात नव्हतं.

म्हणालो, 'पड़ोस में बच्चा था।'

'मौला क़ुबूल करे।'

मग हातातलं काम ठेवून मला चहा दिला. म्हटलं, हुसेनचं काहीतरी सांगा. एरवी हिशोबी माणूस, पण सांगताना आवाज बदलला. करबलाला पोचण्याआधीच एक हजार स्वार हुसेनला अडवायला आले. सरदाराचं नाव हुर. उन्हातून आलेले, घशाला कोरड. हुसेननं आपल्या माणसांना सांगितलं, मशका उघडा, ह्यांना पाजा, घोड्यांनाही पाजा. शत्रूच्या घोड्यांना! पाणी पिऊन हुरनं त्याची वाट अडवलीच. पण दहाव्या दिवशी सकाळी तोच हुर सैन्य सोडून मान खाली घालून इकडे आला. विचारलं, माझी तौबा क़ुबूल होईल का? हुसेननं त्याला जवळ घेतलं. त्याच दिवशी तो हुसेनच्या बाजूनं लढून मेला.

'देर से आया,' मिर्झाभाई म्हणाले, 'मगर आया.'

चहा अर्धा ठेवून उठलो.

१ डिसेंबर, गुरुवार

तिकीट रद्द केलं. बाबांना फोन केला, रजा मिळत नाही, वर्षअखेर आहे, जपानी साहेब, वगैरे. साहेबांना मी विचारलंही नव्हतं.

बाबा म्हणाले, 'बरं.' मला वाटलं चिडतील. मग म्हणाले, 'तू आला असतास तर उत्तर काय द्यायचं ते सांगणार होतो. ते फोनवर सांगायचं नसतं.'

उत्तर काय द्यायचं ते मला पाठ आहे, बाबा. लहानपणापासून पाठ आहे.

२ डिसेंबर, शुक्रवार

लहानपणचा मोहरम सारखा डोळ्यांसमोर. बाबा अनवाणी, डोक्यावर घागर, विहिरीपासून ताबुतापर्यंत. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. घागर टेकली की पहिला पेला खालच्या वस्तीतल्या पारूबाईला. दरवर्षी तिलाच. ती गेल्यावर तिच्या मुलाला, लक्ष्मणला. मग पाटील, मग गाव. पारूबाई पेला दोन्ही हातांनी घ्यायची आणि बाबांकडे न बघता प्यायची. मला वाटायचं, लाजते. तिलाच पहिला का, हे कधी विचारलं नाही.

४ डिसेंबर, रविवार

अक्षया म्हणते, ती उचलणार. आई म्हणाली, बाईमाणूस? दस्तगीर चाचा म्हणाले, 'पाणी भरायला बाई चालते ना रोज?' झालं, ठरलं.

मी म्हणालो, अगं, तुला प्रश्न विचारतील. बाबांना रोज पाणी नाकारतेस तू. काय सांगणार?

'ते मी बघते.'

तिचं बरं आहे. तिचं नाही म्हणणं औषधासारखं आहे, चाचा समजून घेतील. मी कशात बसतो?

५ डिसेंबर, सोमवार

पोटात दुखतं म्हणून ऑफिसातून लवकर आलो. खरंच दुखतं.

६ डिसेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत अक्षयाचा फोन. मागे ताशांचा आवाज. घागर तिनं उचलली, निहारला आईकडे देऊन.

चाचांनी कानात विचारलं. ती 'हो' म्हणाली आणि नाव सांगितलं. बाबांचं नाही. होसोया-सानचं.

त्या संध्याकाळी ती झोपली नव्हती. बेल ऐकली, 'मिझु', पाणी, एवढा शब्द ऐकला, माझं उत्तर ऐकलं. पलंगाखालचे खोके तिनं पाहिले होते. उठून बाहेर आली नाही, निहारला कमी पडेल म्हणून. 'तू पेपरवाला म्हणालास,' म्हणाली, 'तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून परत येववत नव्हतं.'

मी विचारलं, मग घागर उचलू कशी दिली? फोन बाबांनी घेतला.

'हो म्हणतो, त्यालाच देतात. मी अडतीस वर्षं हो म्हणतोय. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवर राखणीला मी होतो. पारूला हाकललं, खालच्या वस्तीची म्हणून. लक्ष्मण कडेवर होता तिच्या. माझ्याआधी तुझे आजोबा उचलायचे, त्यांचंही एक नाव होतं, ते मला माहीत नाही. मान कसला, अरे. ज्याचं नाव सांगितलं, पहिला पेला त्याचा.'

आज गावात पहिला पेला कुणालाच दिला नाही. चाचा म्हणाले, तो जपानात आहे.

दुसऱ्या खोक्याची पट्टी कापली. गूळ आणि बडीशेप आणायला मिर्झाभाईंकडे जातोय, त्यांनाही सांगायचं आहे. टॉवेलातलं कार्ड बाहेर काढलंय. शनिवारी त्सुकुबा.